तारीख काय, नाव कुणाचं, सही कुणाची?

अगं, ऐक ना! आधी बस, आणि तो फोन ठेव खाली. आज दुपारी राजाजीनगरला जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाहीये. पण ते एकदम सांगितलं तर तुला काही कळायचं नाही, म्हणून मागचं थोडं ऐकावं लागेल. आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते जुन्या चार्जरांच्या खोक्यासारखे. एकही टाकवत नाही, आणि एक ओढला की चार गुंतून बाहेर येतात!

आमचं ऑफिस म्हणजे बसवनगुडीत पूजेच्या सामानाच्या दुकानावरचा पहिला मजला. माणसं चार. गिरीश सर मालक, नवीन नावाचा मुलगा फिरतीवर, मी फोनवर, आणि रंगनाथराव अण्णा. छोटे कारखाने, दवाखाने, दुकानं यांचे कॉम्प्युटर आणि वेबसाइट आम्ही सांभाळतो. त्यातले निम्मे फोन एकाच गोष्टीचे. लाल पान! तूही पाहिलं असशील. साइट उघडायला जावं तर ब्राउझर मध्येच आडवा येतो, लाल त्रिकोण दाखवतो आणि इंग्रजीत धमकावतो की पुढे गेलात तर तुमची माहिती कुणीतरी चोरेल. लोकांचे हातपाय गार पडतात ग.

आणि अण्णा म्हणजे लाल पानाचे डॉक्टर. पीण्या नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्स केलं, रिटायर झाले, घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. घरी मराठी, पण दर चौथा शब्द कन्नड. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठली ग तू?"

"नाशिकची."

"सरी, बरं. आम्ही चारशे वर्षांमागे घोड्यावरनं आलो, तू स्लीपर बसनं आलीस. एवढाच फरक!"

त्या दिवसापासून माझं नावच नाशिक.

* * *

माझा दुसराच आठवडा. पीण्याच्या एका कारखान्यातून फोन. तिथले अकाउंट्सचे काका धापा टाकत होते.

"मॅडम, लाल आलं! लाल!"

मी एकदम ट्रेनिंगमधल्या आवाजात, "घाबरू नका सर. स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचता का?"

"आता काहीच दिसत नाही. मी मेन स्विच पाडला."

"कॉम्प्युटरचा ना?"

"कारखान्याचा!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागे मघापासून चाललेली मशीनची घरघर बंद झालीये आणि कुणीतरी मोठमोठ्याने ओरडतंय. मी विचारलं, अहो पण का?

"लेथ मशीनपर्यंत पोचू नये म्हणून!"

मला हसू आवरेना. अण्णांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, कन्नडमध्ये अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत. कारखान्याची काळजी आहे म्हणूनच केलंत. आता चालू करा, मी सांगतो ते बघा." पाच मिनिटांत सगळं ठीक. साइटच्या सर्टिफिकेटची मुदत आदल्या दिवशी संपली होती, आणि ती वाढवायला विसरलो होतो आम्हीच!

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "घाबरलेल्या माणसाला हसायचं नाही, नाशिक. हसायचं ते फोन ठेवून." आणि मग असे हसले की कॉफी नाकातून आली!

* * *

सर्टिफिकेट म्हणजे काय ते मला अण्णांनीच शिकवलं. मी कॉलेजात शिकले होते ग, पण ते पेपरात लिहिण्यापुरतं. अण्णा म्हणाले, "ते साइटचं ओळखपत्र. पोलीस गाडी अडवून लायसन्स कसं बघतो? तसं ब्राउझर बघतो. तीनच प्रश्न. तारीख काय, नाव कुणाचं, सही कुणाची? तिन्ही जुळले की कुलपाचं चित्र. एक जरी चुकलं की लाल."

आमच्या ऑफिसात हा नियमच होता. फोन आला की आधी हे तीन प्रश्न, मग बाकीचं. कुणी थेट "अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, पुढे जा" म्हणालं की अण्णा टेबलावर चमचा वाजवायचे. नवीनला तर दिवसातून चारदा चमचा!

तारखेचा किस्सा अण्णांचा सगळ्यात लाडका. राजाजीनगरला एक लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक साइटला लाल पान. दोन दिवस तो इंटरनेटवाल्यांशी भांडत होता. अण्णा गेले, मला बरोबर नेलं. खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"तारीख काय?"

"सोळा," प्रेसवाला म्हणाला.

"आणि साल?"

प्रेसवाला वाकून बघतो तर साल पंधरा वर्षांपूर्वीचं! आतला छोटा सेल संपला होता, म्हणून घड्याळ मागे पडलं होतं. ब्राउझरला वाटत होतं की ह्या सगळ्या सर्टिफिकेटांचा अजून जन्मच व्हायचाय. अण्णांच्या शर्टाच्या खिशात तसला सेल कायम असायचा, पेनाच्या मागे. त्यांनी कॅबिनेट उघडलं, तेवढ्यात प्रेसवाल्याने त्यांचा हात धरला.

"अण्णा, स्वल्प थांबा. ह्या तारखेला माझं लग्न झालेलं नव्हतं! राहू दे की चार दिवस तसंच!"

आतून त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "राहू दे अण्णा. माझंही नव्हतं झालं!"

हा किस्सा अण्णांनी किती वेळा सांगितला असेल! ऑफिसात, ऑटोत, घरी जेवताना. दर वेळी नवीन असल्यासारखा. हा लक्षात ठेव हं. लागणार आहे.

* * *

नावाचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही.

दोन भाऊ होते. मिठाईचं एकच दुकान, मग भांडण झालं, दोन दुकानं झाली. धाकट्याने नव्या नावाची साइट काढली. पण साइटी दोन्ही एकाच सर्व्हरवर राहिल्या, आणि सर्टिफिकेट होतं थोरल्याच्या नावाचं. झालं, धाकट्याची साइट उघडली की लाल पान! खाली चक्क लिहिलेलं, ही साइट दुसरी कुणीतरी असल्याचं सोंग करत असावी.

धाकटा फोनवर चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्या घरातही सगळे हेच म्हणतात."

नाव बदलून नवीन सर्टिफिकेट घ्यायचं तर मंजुरीचा मेल जाणार थोरल्याकडे, कारण सगळी खाती त्याच्या नावावर. आणि ते दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. गिरीश सर म्हणाले, रीतसर मेल टाकू, वाट बघू. अण्णा म्हणाले, "मेल कशाला? स्वल्प चालून येतो."

थोरल्याने अण्णांना बसवलं, मैसूरपाक दिला, मेल उघडला आणि न वाचता मंजूर करून टाकला. एक सेकंद लागला ग! मग अण्णा उठायला लागले तर म्हणाला, "त्याला शुगर आहे. जेवतो ना वेळेवर?"

अण्णांनी परत येऊन हे धाकट्याला फोनवर सांगितलं. पलीकडून नुसता फोन ठेवल्याचा आवाज आला.

* * *

आता माझा. हा मी तुला कधी सांगितला नव्हता.

एका दवाखान्याचे डॉक्टर. वय झालेलं, एकटेच सगळं बघायचे. सोमवार सकाळ, माझ्या कानाला एक फोन, हातात दुसरा. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मेल उघडताना लाल पान येतंय. पुढे जाऊ का?" अण्णा त्या दिवशी बाहेर गेलेले. चमचा वाजवणारं कोणी नाही. मी तीन प्रश्न विचारले नाहीत ग. एकसुद्धा नाही. म्हटलं, "काही नसतं हो सर, अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा."

ते पान मेलचं नव्हतंच. तसंच दिसणारं, दुसऱ्याच कुणाचं. डॉक्टरांनी त्यात पासवर्ड टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सगळ्या पेशंटना त्यांच्याच नावाने घाणेरड्या लिंका गेल्या. डॉक्टर दोन दिवस दवाखाना बंद ठेवून एकेकाला स्वतः फोन करत होते, ते मी पाठवलेलं नाही, ते उघडू नका म्हणून.

मला वाटलं आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला विचारूनच पुढे गेलो होतो ना."

गिरीश सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. फोन कुणी घेतला होता? मी तोंड उघडायच्या आतच अण्णा म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, त्यांच्याकडे असं नेहमी येतं, पुढे जाऊ दे म्हणून. माझी चूक." सरांनी विषय तिथेच संपवला.

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. अण्णांनी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवल्या. तारीख काय. नाव कुणाचं. सही कुणाची. म्हणाले, "आता रडू नको. आता विसरायचं नाही, एवढंच."

ती चिठ्ठी अजून आहे. टेप तीनदा बदललीये.

* * *

त्यानंतर अण्णांनी मला घरी जेवायला नेलं. राजाजीनगरला, जुनं बैठं घर, पुढे मोगरा, बाजूला पाण्याचा हौद. तिथे सरोजाअक्का पहिल्यांदा भेटल्या. अण्णांच्या पत्नी. सगळे अक्काच म्हणतात. मी चप्पल काढतेय तोच म्हणाल्या, "हीच का नाशिक? रोज जेवताना ऐकते तुझं. बारीक आहेस की ग!"

थंडीचे दिवस होते, म्हणजे अवरेकाळूचा सीझन. आपल्या पावट्याची इथली बहीण. दाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी चिमटीत दाबून एकेकाचं साल उडवायचं. एवढा वेळ खाणारं काम! दोघं मिळून करतात म्हणाल्या अक्का. "मी शंभर सोलते तोवर हे दहा सोलतात आणि पन्नास किस्से सांगतात."

जेवण झाल्यावर अण्णांनी मला त्यांचा खजिना दाखवला. फडताळात डब्यांच्या मागे एक पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर. त्याच्यावर त्यांनी घराचं एक पान केलं होतं, अक्कांच्या टॅबवर उघडणारं. त्यात एकच मोठं बटण. ते दाबलं की हौदातली मोटर चालू होणार आणि पाणी वर टाकीत चढणार. गुडघ्यांमुळे अक्कांना बाहेर जाऊन स्विच दाबायला त्रास व्हायचा ना, म्हणून. आणि बटण दाबलं की टॅबमधून अण्णांचा आवाज:

"मोटर चालू. वीस मिनिटं. विसरू नको ग."

अक्का लगेच, "विसरतं कोण? टाकी वाहून शेजाऱ्यांच्या जिन्यात पाणी कुणी सोडलं होतं?"

मी सवयीने कुलपाच्या चित्रावर बोट दाबलं. सर्टिफिकेट उघडलं. अण्णांनी ते स्वतःच बनवलं होतं, स्वतःच सही केली होती, आणि अक्कांच्या टॅबला सांगून ठेवलं होतं की ह्या सहीवर विश्वास ठेव. म्हणून घरात कधी लाल पान नाही. नाव, सरोजा. सही, रंगनाथ. मुदत, दहा वर्षं.

अक्का म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, लग्नाचं सर्टिफिकेट नाही काढलं. हे बरं काढलं!"

"दहा वर्षांनी काय होणार?" मी विचारलं. "संपतच आली की."

"नवीन करीन की," अण्णा म्हणाले. "घाई काय आहे?"

* * *

अण्णा गेले त्याला आता पाच महिने होतील. जानेवारीतला शुक्रवार होता. सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, आणि रविवारी फोन आला. किस्सा नाही ग हा. एवढंच आहे.

ऑफिसात मात्र नंतर एक गंमत झाली. गंमत म्हणजे, तूच ठरव. आमचं आतलं एक पान आहे, कुणाकडे कुठलं काम ते लिहायचं. त्याच्या सर्टिफिकेटवरही सही अण्णांचीच. ते बदलायचं तर त्यांच्या सहीचा पासवर्ड हवा, आणि तो फक्त त्यांच्या डोक्यात. गिरीश सर बसले अंदाज करत. देवांची नावं टाकली. अक्कांचं नाव टाकलं. बसचे नंबर टाकले. नवीन म्हणाला, "सर, नाशिक टाकून बघा." तेही टाकलं! नाही उघडलं.

शेवटी सरांनी अण्णांचं काढून विकतचं सर्टिफिकेट लावायला सांगितलं. नवीनने लावलं. सगळं बरोबर चाललं, लाल नाही, काही नाही. आम्ही तिघं ते कुलपाचं चित्र बघत उभे होतो.

थोड्या वेळाने नवीन म्हणाला, "सर, जुनं परत लावू का?"

सर केबिनमध्ये गेले. अण्णांचा चमचा अजून पेनांच्या डब्यात आहे. कुणी हात लावत नाही.

* * *

आता आजचं.

सकाळी ऑस्ट्रेलियाहून फोन. अण्णांचा मुलगा, प्रमोद. "आईच्या टॅबवर जिकडे तिकडे लाल पान येतंय म्हणे. व्हिडिओ कॉल पण लागत नाही. तीन आठवडे मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. नुसता आवाज येतो, आणि ती म्हणते सगळं ठीक आहे. दुसरा टॅब पाठवतो म्हटलं तर नको म्हणाली, मग हा बिघडलेला ठरेल म्हणे. तू प्लीज एकदा जाऊन बघशील?"

मी गेले. अक्का थोड्या वाळल्यात, पण घर लख्ख. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजचं दूध मांडलेलं, आजच्याच चौकोनात. मला बघून म्हणाल्या, "ऊटा आयता?" जेवलीस का? मी हो म्हटलं तरी कॉफी ठेवली.

मी टॅब घेतला. बातम्यांची साइट, लाल. देवळाची साइट, लाल. मग सहज अण्णांचं पान उघडलं.

लाल नाही! छान कुलूप लागलेलं!

मी चक्रावले ग. कारण त्या सर्टिफिकेटची मुदत एप्रिलमध्येच संपली, हे मला पक्कं माहीत होतं. बाकी सगळं जग लाल आणि जे लाल असायला हवं तेवढंच ठीक, असं कसं? मग मी मनात चिठ्ठी वाचली. तारीख काय?

कोपऱ्यात बघितलं. जानेवारी. गुरुवार.

मला वाटलं, प्रेसवाल्यासारखं काहीतरी. सेटिंगमध्ये गेले. तारीख आपोआप लागायचं बटण बंद होतं. ते आपोआप बंद होत नाही. कुणीतरी करावं लागतं.

"अक्का, ह्याला कुणी हात लावला होता का?"

"मी लावते की. रोज," अक्का कॉफी फेसाळत म्हणाल्या.

"रोज?"

"सकाळी कॉफी झाली की. दुसऱ्या दिवशी पुढे जातं ना ते आपणच, परत मागे आणावं लागतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एप्रिलमध्ये बटण दाबायला गेले तर हे लाल पान. म्हणे ह्यांची मुदत संपली. मला सांगतोय तो! मग मला तो प्रेसवाला आठवला. चाळीस वेळा ऐकलाय मी तो किस्सा. म्हटलं, तारीख मागे नेऊन बघू. नेली. आणि चाललं की! बाकीच्या साइटी मग एकेक करून लाल होत गेल्या."

मी म्हटलं, "अक्का, मी नवीन करून देते. अगदी असंच. दहा वर्षांचं."

"नाव?"

"तुमचंच."

"आणि सही कुणाची येईल?"

मी म्हटलं, "माझी."

अक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "गुणाची आहेस ग," म्हणाल्या. बस, एवढंच.

मी तरी सोडेना. म्हटलं, आवाज हवाय ना, तो मी वेगळा काढून देते, केव्हाही ऐका. अक्का म्हणाल्या, "आवाज आहे की. प्रमोदच्या लग्नाचा व्हिडिओ ह्याच्यातच आहे, त्यात अर्धा तास बोलतात. पण तिथे नुसते बोलतात. इथे ते बोलले की पाणी चढतं."

मला एक कळत नव्हतं. मुदत एप्रिलमधली. मग मार्चमधली कुठलीही तारीख चालली असती. एवढं मागे कशाला जायचं? तो गुरुवार म्हणजे अण्णांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदला दिवस, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी तरी विचारलं. "अक्का, त्या दिवशी काही होतं का?"

"काही नव्हतं ग. अवरेकाळू सोलत होतो दोघं."

आणि त्यांनी टॅबवर मोटरचं बटण दाबलं.

"मोटर चालू. वीस मिनिटं. विसरू नको ग."

बाहेर हौदात मोटर घुरघुरली. वर टाकीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला. अक्का कॉफीचा पेला घेऊन माझ्यासमोर बसल्या, घड्याळाकडे बघत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रमोद.

"काय झालं होतं ग टॅबला? झाला का नीट? मी व्हिडिओ कॉल लावू का आता?" आणि मग आवाज बारीक करून, "आई बरी आहे ना? खरं सांग."

माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात टॅब. समोर तारखेचं ते बटण. एकदा दाबलं की आजची तारीख लागणार, सगळं जग ठीक होणार, प्रमोदला त्याची आई दिसणार, आणि अण्णांचं पान लाल होणार. अक्का माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

मी अण्णांचं पान परत बघितलं. तारीख, गुरुवार. नाव, सरोजा. सही, रंगनाथ. तिन्ही जुळत होते.

"हॅलो?" प्रमोद म्हणतोय. "हॅलो, ऐकू येतंय ना?"

आणि वर पाणी चढतंय.

सांग ना. तू असतीस तर काय केलं असतंस?